त्या भेटी नव्हत्या

“हा पण नको. ह्यातही मधे आत्याच आहे,” असं म्हणून मी फोटो टेबलावर आपटला.

रणधीरनं तो उचलला, लांब धरून पाहिला. “चांगला आलाय की.”

“आत्या चांगली आलीय. तू डाव्या टोकाला, मी उजव्या टोकाला, आणि मधे ती ताट धरून. हे बघून कोण म्हणेल आपण नवरा-बायको? कुणीही म्हणेल, ह्या बाईंचे दोन भाडेकरू आहेत.”

“ताट नाही ते, सत्यनारायणाचा प्रसाद आहे!” स्वयंपाकघरातून मालूआत्या ओरडली. “आणि मधे नको तर कुठं उभी राहू? वडीलधारं माणूस मधेच असतंय.”

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मुलाखत होती. रणधीर माझा नवरा. कॅनडातल्या विंडसर नावाच्या गावात साच्यांच्या कारखान्यात कामाला. शिरोलीच्या फाउंड्रीत वडिलांच्या मागं मागं फिरत वाढलेला माणूस. लोखंडाशी तासभर बोलेल, पण बायकोशी बोलायचं म्हटलं की “हं” आणि “बघू”. मी नदीच्या पलीकडं, अमेरिकेत, डेट्रॉइटला. मोटारींच्या सीटा डिझाइन करायचे. दोन देशांच्या मधे एक नदी, नदीवर एक पूल. आत्याच्या माडीवरच्या खिडकीतून डेट्रॉइटच्या इमारती दिसायच्या. कोल्हापुरातून पन्हाळा सुद्धा लांब वाटावा, एवढं ते जवळ. आणि एवढ्याशा अंतरासाठी मी वर्षभर कागद गोळा करत होते, कारण मला कायमचं नवऱ्याकडं राहायला यायचं होतं आणि आमचं लग्न खरं आहे हे कॅनडाच्या सरकारला पटवून द्यायचं होतं.

पटवून द्यायचं म्हणजे भेटी दाखवायच्या. कोण कुणाकडं गेलं, कधी गेलं, कुठं राहिलं, पुरावा काय. विमानानं जाणाऱ्या लोकांचं बरं असतं, तिकिटं असतात, शिक्के असतात. आम्ही गाडीनं पूल ओलांडायचो. खिडकीतला माणूस पासपोर्ट बघायचा, दोन प्रश्न विचारायचा आणि “जा” म्हणायचा. शिक्का कधी मारायचा, कधी नाही. हॉटेलची बिलं नाहीत. मालूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, तीस वर्षं विंडसरमध्ये राहत असताना मी हॉटेलात उतरायचं? “का, आम्ही मेलो काय?” असं ती म्हणाली असती. मग उरले फोटो. आणि फोटोत आत्या.

खरं दुखणं वेगळंच होतं. आदल्या वर्षी दिवाळीला आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो आणि रजिस्टर लग्न करून आलो. रणधीरचं म्हणणं, कागद आधी हातात असलेला बरा. माझ्या घरचे हो म्हणाले, पण दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथंच ऑफिसच्या पायरीवर सांगितलं, “ही सही झाली. लग्न मे महिन्यात. अक्षता पडेपर्यंत पोरगी आमची.” त्यावर सगळ्यांनी मान डोलावली. मी पण. सही केली, पेढा खाल्ला, आणि बिनलग्नाची म्हणून परत डेट्रॉइटला आले.

आता आत्याला कामच मिळालं. दिवाळी ते मे, दर शनिवारी मी पूल ओलांडून विंडसरला यायची आणि आत्याकडं उतरायची. रणधीर त्याच गावात राहायचा, पण त्यानं संध्याकाळी जेवायला यायचं, जेवायचं आणि आपल्या खोलीवर जायचं. रविवारी सकाळी परत यायचं. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो की आत्या मटार सोलायला समोर येऊन बसायची. एवढे मटार त्या घरात खायचे कोण, हे मला आजही कळलेलं नाही.

मेमध्ये कोल्हापूरला अक्षता पडल्या. जून उजाडला, अर्ज भरला, आणि ऑक्टोबरात माझ्या कंपनीनं आमचा अख्खा विभागच बंद केला. नोकरी गेली की अमेरिकेतला मुक्कामही जातो. थोड्या आठवड्यांची मुदत मिळाली होती. त्यात कॅनडानं हो म्हटलं तर पुलापलीकडं नवऱ्याच्या घरी. नाही म्हटलं तर बॅग भरून कोल्हापूर. आणि त्यांनी जर का ठरवलं की आम्ही खोटं बोललो, तर पाच वर्षं दार बंद. पाच वर्षं! मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. हे मनात आलं की मी रणधीरवर ओरडायची. दुसरं होतंच कोण?

“तू पलीकडं किती वेळा आलास, ते सगळं घातलंय ना भेटींच्या तक्त्यात?” मी विचारलं.

“घातलंय की.”

“एवढंच? चार-पाच वेळा?”

“एवढंच भेटलो न्हवं तिकडं?” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मग आमच्या मोबाइलवरच्या संदेशांचा गठ्ठा काढला. दोघांतलं बोलणं दाखवा, असं त्यांनी मागितलं होतं, म्हणून मी सगळं छापून, इंग्रजीत रीतसर भाषांतर करून घेतलं होतं. लोकांच्या संदेशांत काय काय गुलुगुलु असतं म्हणे. आमच्यात काय? “जेवलीस काय?” “हो.” “पोचलीस काय?” “पोचले.” “बर्फ आहे, जपून.” “मला ड्रायव्हिंग शिकवू नकोस.” हे शेवटचं डिसेंबरमधलं. त्या महिन्यात पुलाच्या पुढं माझी गाडी घसरून कडेच्या बर्फात घुसली होती. काही झालं नाही, एका भल्या माणसानं ओढून काढली. पण रणधीरनं ते ऐकून असा काही चेहरा केला की मी त्याला स्पष्ट बजावलं, परत ह्या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. मी काही लहान नव्हते.

तो गठ्ठा चाळता चाळता रणधीर एका पानावर थांबला.

“हे पान काढ की.”

मी बघितलं. जानेवारीचं होतं. दर रविवारी रात्री परत जाताना पुलापासून कुठलीतरी उंच गाडी माझ्या मागं लागायची, तिचे दिवे थेट माझ्या आरशात, आणि मी घरी पोचले की रणधीरला त्या गाडीच्या नावानं शिव्या घालायची. तेच ते.

“शिव्या आहेत म्हणून? राहू देत. निदान एका तरी पानावर जीव आहे.”

“नको गं. बरं दिसत नाही.”

“पानांना नंबर घातलेत, रणधीर! एक पान काढलं तर त्यांना वाटेल काहीतरी लपवलं. आधीच आपलं काय कमी आहे?”

त्यानं पान उलटलं. त्याचं ते गप्प बसणं मला त्या दिवशी असं काही खुपलं की मी फोटोंचा ढीग तसाच टाकून अंगणात जाऊन उभी राहिले.

सकाळी निघताना आत्यानं एक पाकीट माझ्या हातात दिलं. चिकटवलेलं, वरून सेलोटेप.

“काय आहे हे?”

“माझी साक्ष. इंग्रजीत लिहिलीय. पोर आमच्याकडं उतरत होती म्हणून.”

“बघू तरी काय लिहिलंयस.”

“साक्ष त्यांनी वाचायची असते, तू न्हवं. फोडलीस तर बघ. मी येतेच आहे बरोबर, बाहेर बसते. बोलावलं तर आत येईन.”

ऑफिसरबाई पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, चष्मा दोरीनं गळ्यात. टेबलावर आमची फाइल, शेजारी संगणक, आणि बाई हसत नाहीत, रागावत नाहीत, नुसतं लिहीत जातात. नावं, जन्मतारखा, लग्न कुठं, किती माणसं. मग फोटो काढले. एक पाहिला, दुसरा पाहिला, पाच-सहा पाहून झाल्यावर चष्मा खाली केला.

“प्रत्येक फोटोत मधे असलेल्या ह्या बाई कोण?”

मी रणधीरकडं बघितलं. म्हटलं ना? असं.

“माझ्या आत्या. मी त्यांच्याकडं उतरायचे. त्यांचं पत्र आहे,” म्हणून मी पाकीट पुढं केलं.

बाईंनी ते कात्रीनं फोडलं. वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढल्या.

“ह्यात लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “‘मी अंबाबाईची शपथ घेऊन सांगते, की दिवाळी ते मे ह्या काळात मी ह्या दोघांना एका छताखाली एक रात्रही राहू दिलं नाही. दोघं अतिशय सज्जन आहेत.’”

देवा! मला वाटलं, आत्ता उठावं, बाहेर जावं आणि आत्याच्या पाया पडून विचारावं, का गं, का? सगळी दुनिया एकत्र राहिल्याचे पुरावे देते आणि आमची आत्या शपथेवर सांगते, राहिलेच नाहीत. वर आमचं कौतुक!

“तुमच्या दाखल्याप्रमाणे तुमचं लग्न दिवाळीत झालं,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर सहा-सात महिने तुम्ही एकाच गावात असताना वेगवेगळ्या घरांत राहत होता?”

“हो, कारण—”

“थांबा.” त्यांनी संगणकाचा पडदा जरासा वळवला. “फेब्रुवारीत सीमेवर एका अधिकाऱ्यानं तुम्हाला आत नेऊन प्रश्न विचारले होते. आठवतं?”

आठवत होतं. दर शनिवारी काय काम, म्हणून विचारलं होतं.

“नोंद अशी आहे. ‘आत्याला भेटायला जात असल्याचं सांगते. अविवाहित. मेमध्ये लग्न ठरलं आहे.’ ” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तेव्हा तुमच्या लग्नाला तीन महिने झाले होते.”

मी काही लपवलं नव्हतं हो. तेव्हा माझ्या मनात खरंच तसंच होतं. बापानं सांगितलं होतं, अक्षता पडेपर्यंत आमची. आत्या मटार सोलत समोर बसत होती. हातात हिरवा चुडा नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही. मला कुणी विचारलं, लग्न झालंय का, तर मी काय सांगणार? नाही असंच सांगणार.

“तू असं सांगितलंस?” रणधीरनं मराठीत विचारलं.

“मग काय सांगणार? अक्षता पडल्या होत्या काय?”

“सही केली होती की आपण.”

“सही म्हणजे लग्न नव्हे, असं तुझ्यासमोर सांगितलं होतं दादांनी! तेव्हा का नाही बोललास? तेव्हा पेढा खात होतास!”

“प्लीज, इंग्रजीत,” बाई म्हणाल्या.

रणधीरच्या चेहऱ्याकडं बघून मला पहिल्यांदाच कळलं की हे त्याला लागलंय. इतके महिने तो जेवून हात धुवून आत्याच्या घरातून निघून जायचा, तेव्हा मला वाटायचं, ह्यालाही ते पटतंय. ह्याला काही पटत नव्हतं. हा नुसता मान राखत होता.

“आता तुमचं,” बाई त्याच्याकडं वळल्या. “तुम्ही दिलेल्या तक्त्यात तुमच्या डेट्रॉइटच्या भेटी फार थोड्या आहेत. आमच्या नोंदीत त्या कितीतरी जास्त आहेत. डिसेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ दर रविवारी रात्री तुम्ही पूल ओलांडून अमेरिकेत गेलात आणि तासाभरात परत आलात. ह्या भेटी तुम्ही का लपवल्या?”

मी गर्रकन वळले. दर रविवारी? रविवारी रात्री जेवून मी आत्याकडून निघायची, तेव्हा तो दारात उभा राहून हात करायचा. मला वाटायचं, आता जाऊन झोपेल. आणि हा दर रविवारी पलीकडं जात होता? कुणाकडं? तासाभरासाठी? माझ्या डोक्यात काय काय आलं, सांगायलाही लाज वाटते. दुसरी बाई आली. दारू आली. काहीतरी इकडचं तिकडं पोचवायचा धंदा आला. तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने मी तारखा जुळवत होते, डोळे फुटेस्तोवर, आणि हा माणूस शेजारी बसून “एवढंच की” म्हणत होता!

“बोल की,” मी म्हटलं. इंग्रजीबिंग्रजी गेलं खड्ड्यात. “कुठं जात होतास?”

तो टेबलाच्या कडेकडं बघत राहिला. मग इंग्रजीत, तुटक तुटक, बाईंना म्हणाला, “त्या भेटी नव्हत्या.”

“म्हणजे?”

“तक्त्यात भेटी लिहायला सांगितलं होतं. ह्या भेटी नव्हत्या. भेटलो कुठं आम्ही? मी मागं असायचो.”

“कशाच्या मागं?”

“हिच्या गाडीच्या.”

बाईंचा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

“हिची गाडी घसरली होती डिसेंबरमध्ये,” तो म्हणाला. “त्यानंतर बर्फ असेस्तोवर मी पोचवायला जायचो. कारखान्याची पिकअप घ्यायचो, तिची टायरं बर्फात चालणारी आहेत. हिच्या इमारतीच्या वळणापर्यंत. वरच्या खिडकीत दिवा लागला की परत यायचो. आमच्याकडं माणसाला एकटं सोडत नाहीत. पोचवायला जातात.”

“शेजारी बसून का नाही गेलात?”

“मग तिच्या आत्यांनी कोल्हापूरला फोन केला असता.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि मागं आहे म्हणून सांगितलं असतं, तर हिनं पुलावर गाडी थांबवून भांडण काढलं असतं. मला ड्रायव्हिंग शिकवू नकोस म्हणाली होती.”

बाई परत संगणकाकडं वळल्या. बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. मग वाचलं, “मार्च. इतके छोटे फेरे कशाला, म्हणून परत येताना तुम्हाला थांबवलं होतं. नोंद आहे, ‘बायकोला घरी पोचवून आल्याचं सांगतो. बायको पुढच्या वेगळ्या गाडीत होती असं म्हणतो. पटण्यासारखं नाही.’ ”

बायको. मी फेब्रुवारीत त्याच पुलावर अविवाहित म्हणून सांगत होते आणि हा मार्चमध्ये बायको म्हणत होता. कुणालाही वाटेल, दोघांतलं एक खोटं बोलतंय.

“तुम्हाला हे माहीत होतं?” बाईंनी मला विचारलं.

“नाही.”

“दर आठवड्याला एक गाडी मागं येते आणि तुमच्या लक्षात येत नाही?”

आणि तेव्हा, त्या खुर्चीत, मला त्या उंच दिव्यांची आठवण झाली. मी काही बोलणार, तेवढ्यात रणधीरनं कपाळाला हात लावला आणि मराठीत पुटपुटला, “म्हणून म्हणत होतो, ते पान काढ.”

“फाइलीत काय आहे?” बाई म्हणाल्या. ‘पान’ त्यांना कळलं नव्हतं, पण त्याचा हात फाइलीकडं गेलेला त्यांनी बघितला होता.

मीच गठ्ठा ओढून घेतला आणि पान काढून दिलं. बाईंनी चष्मा लावला आणि भाषांतर मोठ्यानं वाचलं, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात.

“‘पोचले. आज परत तो गाढव पुलापासून मागं होता. दिवे थेट डोळ्यात. ह्याला कुणी गाडी शिकवली?’ आणि ह्यावर तुमच्या नवऱ्याचं उत्तर. ‘बर्फ आहे. जपून चालवत असेल बिचारा.’ ”

त्यांनी पान खाली ठेवलं आणि रणधीरकडं बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. मी हसले की रडले मला सांगता येणार नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं एवढं खरं, आणि ते येतंय ह्याचा मला भयंकर राग आला होता. म्हणजे तो वीस-पंचवीस मिनिटं मागं येणार, मी वर जाऊन त्याला गाढव म्हणणार, आणि हा बर्फात, वळणावर, गाडीत बसून ते वाचणार. आणि त्या परक्या माणसाची बाजू घेतोस म्हणून मी त्यावरही चिडणार. चिडले होते! पुढच्या पानावर तेही छापलेलं होतं.

“आणि ह्या नोंदीत तुम्ही अविवाहित का सांगितलं?” बाई म्हणाल्या. ह्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

मी सांगितलं. सही, पायरी, पेढा, दादा, मे महिना, मटार. सगळं. बाईंनी आत्याचं पत्र पुन्हा उचललं आणि शेवटचं वाक्य वाचलं, जे मघाशी वाचलं नव्हतं. “‘अक्षता पडेपर्यंत मुलगी माहेरची असते, म्हणून मी ही काळजी घेतली.’ ” मग त्या खुर्चीत मागं टेकल्या.

“हे सगळं तुम्हाला पहिल्याच दिवशी लिहून द्यायला काय झालं होतं?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा लागला, वैतागलेल्या माणसासारखा. “मी हा अर्ज नाकारणार होते.”

लिहून काय देणार? असं झालंय हे मलाच दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं.

त्यांनी भेटींचा तक्ता रणधीरपुढं सरकवला. राहिलेले सगळे रविवार भरा म्हणाल्या. तो भरायला लागला. ‘कुठं राहिलात’ ह्या रकान्यात त्यानं ‘गाडीत’ लिहिलं. कारण विचारलं होतं तिथं पेन घेऊन तो अडला. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि इंग्रजीत लिहिलं, बायकोला घरी पोचवायला. सगळ्या ओळींत तेच लिहिलं. बाईंनी मला थांबवलं नाही. निकाल कळवू, एवढंच म्हणाल्या.

बाहेर आत्या स्वेटरच्या बाह्या ओढत बसली होती. आम्हाला बघून उठली.

“काय गं? माझी साक्ष वाचली काय त्यांनी?”

“वाचली, आत्या. पूर्ण वाचली.”

मी तिला सांगितलं. रविवार, पिकअप, वळण, खिडकीतला दिवा. ऐकता ऐकता तिचे डोळे बारीक झाले.

“म्हणजे अक्षतांच्या आधी हा तुझ्या घरापर्यंत येत होता?”

“वळणापर्यंत, आत्या,” रणधीर म्हणाला.

“वर?”

“नाही.”

“चहाला सुद्धा?”

“नाही, आत्या.”

“एवढ्या बर्फात?” ती त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून, मीच काहीतरी केल्यासारखी, म्हणाली, “मेले, लक्षात कसं आलं नाही गं तुझ्या? निदान एक कप चहा तरी!” आणि पर्समधून रुमाल काढून नाक पुसायला लागली.

निकाल तीन आठवड्यांनी आला आणि मी पूल ओलांडला तो कायमचा. पण तो दिवस तिथं संपत नाही. त्या संध्याकाळी मला परत डेट्रॉइटला जायचं होतं, अजून माझं घर तिकडंच होतं. अंधार लवकर पडला होता, बारीक बर्फ सुरू झालं होतं. सकाळपासून मी रणधीरशी धड बोलले नव्हते. राग गेला नव्हता. कशाचा राग, तेही नीट सांगता येत नव्हतं. माझ्यामागं एवढं सगळं झालं आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. दोन देशांच्या सरकारांना माहीत होतं!

मी गाडीत बसले. तो खिडकीपाशी आला. हात खिशात, मान खाली.

“शेजारी बसू, का मागनं येऊ?”

आत्या दारात उभी होती. ह्या वेळी तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं.

“मागनंच ये,” मी म्हटलं. “शेजारी बसलास तर परत कसा येणार, चालत? पण दिवे बारीक कर. डोळे फोडतोस.”

“बरं,” तो म्हणाला.

पुलावर चढल्यावर आरशात बघितलं. दोन दिवे होते, बारीक केलेले. मागचा कुणीतरी हॉर्न वाजवेस्तोवर मी गाडी अगदी हळू चालवली.